सोमालियातलं ‘सहावं कुळ’ : युद्धाच्या धुमश्चक्रीत बायकांचं राजकारण

राज्यशास्त्रात एम. ए. करणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे : ‘देश युद्धात होरपळत असताना एखादी बाई राजकारणात उतरते, स्त्रियांच्या हक्कांसाठी प्रचार करते. तिथे कायद्याचंच राज्य नाही, मग तिच्या हाती काय लागतं? आधी शांतता आणि मग हक्क, हाच क्रम बरोबर नाही का? आणि राखीव जागांनी खरंच काही बदलतं का? मला प्रबंधासाठी एखादा देश सुचवाल का?’

देश सोमालिया घे. अफगाणिस्तानावर पुष्कळ लिहिलं गेलंय आणि ते लिहायलाच हवं होतं. पण तुझ्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं सोमालियात जितकी उघडी दिसतात तितकी मला दुसरीकडे दिसली नाहीत. माझं काम निवडून आलेल्या आणि निवडून येऊ पाहणाऱ्या बायकांच्या प्रशिक्षणाचं. सुरुवात महाराष्ट्रातल्या ग्रामपंचायतींपासून झाली आणि पुढे काही काळ नैरोबीत सोमाली उमेदवार बायकांबरोबर काम केलं. तिथे जे पाहिलं आणि जे सार्वजनिक नोंदीत आहे, त्याच्या आधारे लिहिते आहे.

क्रमाबद्दल आधी बोलू, कारण ‘आधी शांतता’ हे वाक्य मी फार शहाण्या माणसांच्या तोंडून ऐकलंय आणि ते मला पूर्णपणे चुकीचं वाटतं. युद्ध थांबतं ते तहाने. तह म्हणजे नुसती शस्त्रं खाली ठेवणं नव्हे, तिथे वाटणी होते : कोणाला किती जागा, कोणती खाती, कोणत्या रस्त्यावरची जकात कोणाकडे. ही वाटणी सुरू असताना जो बैठकीत नाही, त्याचं नाव पुढच्या घटनेत नसतं, पुढच्या संसदेतही नसतं. हक्कांची पाळी नंतर येईल म्हणून थांबलेल्या बाईला शांतता झाल्यावर कळतं की सगळ्या खुर्च्या वाटून संपल्या.

आशा हाजी एल्मी यांना हे फार लवकर उमगलं. जन्म १९६२ चा, मध्य सोमालियातल्या गालकायोचा. जानेवारी १९९१ मध्ये हुकूमशहा सियाद बारे यांची राजवट कोसळली आणि राजधानी मोगादिशूत कुळाकुळांत कत्तल सुरू झाली. आशाबाईंचं माहेर हाविये कुळातलं, सासर दारोद कुळातलं. म्हणजे त्या वेळी एकमेकांच्या जिवावर उठलेल्या दोन बाजूंचं. सोमाली बाई लग्नानंतरही बापाचंच नाव लावते, बापाच्याच कुळाची राहते. मुलं मात्र नवऱ्याच्या कुळाची. त्यामुळे माहेरचे म्हणतात, ही आता त्यांच्या पोरांची आई. सासरचे म्हणतात, ही शत्रूची बहीण. आशाबाईंनी हे स्वतः सोसलं आणि पुढे अनेकदा जाहीरपणे सांगितलं. १९९२ मध्ये त्यांनी इतर काही बायकांबरोबर ‘सेव्ह सोमाली विमेन अँड चिल्ड्रन’ ही संस्था काढली. वेगवेगळ्या कुळांतल्या बायका एका छताखाली बसणं हेच तेव्हा मोठं धाडस होतं.

तहाच्या बैठका मात्र कुळांच्या. प्रतिनिधी कुळ पाठवणार आणि कुळ बाईला पाठवत नाही. मार्च १९९३ मध्ये अदिस अबाबाला शांतता परिषद भरली, तेव्हा आलेल्या बायकांना निरीक्षक म्हणून बाजूला बसवलं होतं. पुरुषांचं घोडं अडलेलं. तेव्हा त्या बायकांनी उपोषण आरंभलं : तोडगा काढा, तोवर आम्ही अन्नाला शिवणार नाही. चोवीस तासांत आराखडा तयार झाला. प्रसंग सुंदर आहे आणि तो सांगताना लोक भारावून जातात. पण तुझ्यासाठी त्याची दुसरी बाजू महत्त्वाची. आराखड्यावर सह्या पुरुषांच्याच झाल्या. बायकांनी आपली नैतिक ताकद वापरून पुरुषांचा करार घडवला, स्वतःच्या पदरात कागदावरच्या काही जागांपलीकडे काही पडलं नाही. आई म्हणून, बहीण म्हणून मान मिळणं आणि राजकारणी म्हणून जागा मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि पहिलीमुळे दुसरी आपोआप मिळत नाही.

२००० मध्ये जिबुतीतल्या आर्ता गावी पुन्हा परिषद भरली, तेव्हा त्यांनी डाव बदलला. वाटाघाटी चार मोठी कुळं आणि अल्पसंख्य गटांची आघाडी अशा पाच गटांत व्हायच्या होत्या. आशाबाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जाहीर केलं की सहावं कुळ आम्ही, सोमालियाच्या बायका. ऐकताना हे घोषणेसारखं वाटतं, पण ती पक्की राजकीय चाल होती. त्या सभागृहात व्यक्तीला आवाज नव्हता, पक्षाला नव्हता, नागरिकाला नव्हता. फक्त कुळाला होता. ‘कुळव्यवस्था मोडा’ असं म्हटलं असतं तर कोणी ऐकलं नसतं. त्यांनी त्या व्यवस्थेच्याच भाषेत स्वतःसाठी एक गट उभा केला. बायकांनी तिथे बुरानबूर म्हटलं. बुरानबूर हा सोमाली बायकांचा स्वतःचा पद्यप्रकार, आपल्या ओवीसारखा त्यांचाच. जे भाषणात सांगितलं असतं तर हुर्यो झाली असती, ते पद्यात निमूट ऐकून घ्यावं लागतं, कारण सोमाली समाजात कवितेला मान आहे. शेवटी २४५ जणांच्या संक्रमणकालीन सभेत बायकांसाठी २५ जागा ठरल्या. दहा टक्क्यांच्या जरा वर. पण त्याआधीच्या तहांतून प्रत्यक्षात शून्य मिळालं होतं.

पुढची फेरी केनियात, २००२ मध्ये सुरू झालेली आणि नैरोबीजवळच्या म्बगाथीत लांबत गेलेली. समोर बंदूकधारी टोळ्यांचे म्होरके बसलेले. २९ जानेवारी २००४ ला करारावर सह्या झाल्या, त्यात आशा हाजी एल्मी यांची सही आहे. सोमाली शांतता करारावर बाईची ती पहिली सही. त्याच वर्षी त्या संक्रमणकालीन संसदेत गेल्या आणि २००८ मध्ये त्यांना राइट लाइव्हलीहूड पुरस्कार मिळाला. (त्यांचे पती अब्दी फराह शिर्दोन २०१२-१३ मध्ये पंतप्रधान होते, म्हणून काही ठिकाणी त्यांची ओळख ‘माजी पंतप्रधानांच्या पत्नी’ अशी करून देतात. प्रबंधात तू तसं लिहू नकोस. नवरा सत्तेत येण्याच्या वीस वर्षं आधीपासून ही बाई राजकारण करत होती.)

आता राखीव जागांकडे वळू. इथे तुला आकड्यांत बसावं लागेल. २००४ च्या सनदेत, म्हणजे संक्रमणकाळाच्या तात्पुरत्या घटनेत, स्पष्ट लिहिलं होतं की संसदेत किमान १२ टक्के बायका असतील. सभासद २७५, म्हणजे ३३ बायका. प्रत्यक्षात आल्या आठ टक्क्यांच्या आसपास. पुढे ३० टक्क्यांचं उद्दिष्ट ठरलं, पण २०१२ च्या हंगामी घटनेत तो आकडा घातला गेला नाही. सर्व राष्ट्रीय संस्थांमध्ये स्त्रियांचा सहभाग असला पाहिजे, इतकंच मोघम तत्त्व आलं. त्या वर्षी बायका सुमारे १४ टक्के. २०१६ मध्ये २४ टक्के : लोकसभेच्या २७५ पैकी ६७ आणि वरिष्ठ सभागृहाच्या ५४ पैकी १३. सगळ्यांना वाटलं आता वाट मोकळी झाली. २०२१-२२ मध्ये लोकसभेत पुन्हा घसरण, ५४ बायका, म्हणजे जेमतेम २० टक्के.

हे चढउतार का झाले, ते जागावाटपाचं सूत्र पाहिलं की कळतं. त्याला ‘साडेचार’ म्हणतात. चार मोठ्या कुळांना प्रत्येकी ६१ जागा, बाकीच्या सगळ्या अल्पसंख्य गटांना मिळून ३१. बेरीज २७५. प्रत्येक जागा म्हणजे एखाद्या पोटकुळाची मालमत्ता. २०१२ मध्ये १३५ पारंपरिक वडीलधाऱ्यांनी खासदारांची नावं दिली. त्यात एकही बाई नव्हती. २०१६ मध्ये त्याच वडीलधाऱ्यांनी मतदार निवडले, एका जागेमागे ५१, एकूण १४,०२५. त्या ५१ जणांत ३० टक्के बायका असाव्यात असा नियम होता. आणि बाईला जागा द्यायला वडीलधाऱ्यांचा आक्षेप ठरलेला : उद्या हिचा नवरा दुसऱ्या कुळातला, मग आमची जागा गेली कोणाकडे? आशाबाईंना १९९१ मध्ये ज्या कारणाने दोन्ही घरांनी परकं केलं, तेच कारण पुढच्या पिढीच्या उमेदवारीच्या आड आलं. सहाव्या कुळाने जे मिळवलं ते बैठकीत बसण्यापुरतं. नाव कोणी द्यायचं, ही किल्ली वडीलधाऱ्यांच्याच कनवटीला राहिली. माझ्या मते हा साऱ्या कहाणीचा गाभा आहे आणि तुझा प्रबंध इथूनच उभा राहावा. टक्केवारी कोणती लिहिली हे दुय्यम. उमेदवारीचं नाव कोणाच्या हातून जातं हे पहिलं.

पैसा हा दुसरा अडसर. २०१६ मध्ये लोकसभेच्या उमेदवारीची फी ५,००० डॉलर होती, २०२१ मध्ये १०,०००. बायकांना निम्मी. ही सवलतही भांडून मिळवलेली. पण फी हा खर्चाचा सगळ्यात लहान भाग असतो. मतदान प्रादेशिक राजधान्यांत, बैदोआ, किसमायो, बेलेदवेन अशा ठिकाणी. तिथे पोहोचायचं विमानाने, कारण रस्त्यावर अल-शबाब या अतिरेकी संघटनेची ठाणी. उतरायचं हॉटेलात आणि हॉटेलांवर हल्ले होतात, म्हणून पदरचे अंगरक्षक. भेटायला येणाऱ्याला चहा-जेवण, पुरुषांसाठी चघळायला मिरा ही उत्तेजक पानं, वडीलधाऱ्यांना ‘वाटखर्च’. पुरुष उमेदवाराला हे पैसे परदेशी गेलेले चुलतभाऊ पाठवतात. बाईला तेच भाऊ कळवतात, आधी तिकीट मिळू दे, मग बघू.

नैरोबीतल्या एका प्रशिक्षणात मी एक वही पाहिली. शाळकरी मुलांची असते तशी, रेघांची. उमेदवार बाईंनी ५१ मतदारांची नावं एकाखाली एक लिहिली होती. पुढे रकाने : वडिलांचं नाव, आजोबांचं, पोटकुळ, धंदा, कोणाच्या शब्दाबाहेर नाही. इथवर कोणताही पुरुष उमेदवार करेल तेच. पण त्यांनी शेवटी आणखी एक रकाना आखला होता : आई कोणाची लेक. पुरुष ज्या वंशावळी तोंडपाठ म्हणतात त्यात आया नसतात. या बाईंनी ५१ आयांची माहेरं शोधून काढली होती. त्यातल्या बऱ्याच त्यांच्या मावश्यांच्या, नणंदांच्या घरांशी जोडलेल्या निघाल्या आणि प्रचार सुरू झाला तो त्या स्वयंपाकघरांतून. मला त्या दिवशी कळलं की सहावं कुळ नुसतं आर्ताच्या सभागृहात नव्हतं. ते आधीपासून होतंच, फक्त कोणी मांडून ठेवलेलं नव्हतं.

कायद्याचं राज्य नसताना ती मिळवते काय, असं तू विचारलंस. तिथे कायदा नाही असं म्हणणं तितकंसं खरं नाही. कायदा आहे, पण तो ‘हेर’, म्हणजे कुळाकुळांतला रूढ करार. खून झाला तर मारेकऱ्याचं कुळ मेलेल्याच्या कुळाला भरपाई देतं. परंपरेने पुरुषाच्या जिवाचे शंभर उंट, बाईच्या जिवाचे पन्नास. बलात्कार झाला तरी तडजोड पुरुषांत होते : भरपाई बाप-भावांना, नाहीतर त्याच माणसाशी लग्न. आणि ज्या कुळाकडे बंदुका नाहीत, त्याच्या लेकीबाळींसाठी ही भरपाई मागायलाही कोणी उभं राहत नाही. मोगादिशूच्या विस्थापितांच्या छावण्यांत सर्वाधिक अत्याचार सोसणाऱ्या बायका अशाच दुबळ्या गटांतल्या. म्हणून सोमाली बाईने संसदेत लैंगिक गुन्ह्यांचा कायदा मागणं ही मागणी मुळाला हात घालते. तिचा अर्थ असा की बाईवर झालेला गुन्हा हा तिच्यावर झालेला गुन्हा आहे, कुळाच्या मालाची नासधूस नव्हे.

तो कायदा अजून राष्ट्रीय पातळीवर झालेला नाही. पुंटलँड प्रांताने २०१६ मध्ये स्वतःचा केला. मे २०१८ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने एक चांगलं विधेयक मंजूर केलं, ते संसदेत रुतून बसलं. ऑगस्ट २०२० मध्ये त्याच्या जागी भलतंच विधेयक पुढे आलं, ज्यात मुलगी वयात आली की तिचं लग्न लावायला मोकळीक होती. देशातल्या बायका खवळून उठल्या, संयुक्त राष्ट्रांच्या विशेष प्रतिनिधी प्रमिला पॅटन यांनी ते मागे घ्यायला सांगितलं. लक्षात घे, तेव्हा संसदेत २४ टक्के बायका होत्या. चांगलं विधेयक मंजूर करून घ्यायला त्यांची संख्या पुरली नाही. शिवाय त्यांतल्या काहींना पुढच्या वेळी त्याच वडीलधाऱ्यांकडे जायचं होतं. मी त्यांना दोष देत नाही. ज्याच्या हातात तिकीट, त्याच्याविरुद्ध मत देणं आपल्याकडच्या किती आमदारांना जमतं?

इतिहासाचं एक ओझंही आहे आणि ते जाणून घेतल्याशिवाय तुला सोमाली बायकांची सावध भाषा कळणार नाही. जानेवारी १९७५ मध्ये सियाद बारे यांनी कुटुंब कायदा आणला, वारशात मुलीला मुलाइतका वाटा दिला. मशिदीतून विरोध झाला, तेव्हा दहा धर्मगुरूंना गोळ्या घालून मारलं. तेव्हापासून समान हक्क म्हटलं की कित्येकांना तो हुकूमशहा आणि ते दहा मृतदेह आठवतात. बंदुकीच्या धाकाने दिलेला हक्क बायकांच्याच मुळावर आला. आशाबाईंच्या पिढीने म्हणून वेगळी वाट धरली : धर्माच्या जाणकारांना सोबत घ्यायचं, कुराणाच्याच आधाराने वाद घालायचा. मुलींच्या जननेंद्रियांच्या छेदाविरुद्धचं काम त्यांनी असंच केलं. २०१२ च्या घटनेच्या १५ व्या कलमात या प्रथेला छळासमान ठरवून बंदी घातली. तरी २०२० च्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ९९ टक्के बायकांचा छेद झालेला आढळला. बाहेरून पाहणारे याला अपयश म्हणतात. मला विचारशील तर घटनेत ‘छळ’ हा शब्द लिहिला जाणं म्हणजे पुढे कोर्टात उभं राहायला पायाखाली जमीन मिळणं. पण शिक्षा सांगणारा केंद्रीय कायदा नाही, तोवर त्या जमिनीवर घर उभं राहत नाही, हेही तितकंच खरं.

धोक्याबद्दल थोडक्यात, कारण त्याचीच वर्णनं जास्त होतात. खासदार आमिना मोहम्मद अब्दी २०१२ मध्ये ऐन विशीत संसदेत आल्या. जून २०२१ मध्ये गुप्तचर संस्थेतली एक तरुण अधिकारी बेपत्ता झाली, तेव्हा सरकारला सगळ्यांत टोकाचे प्रश्न त्यांनी विचारले. २३ मार्च २०२२ ला बेलेदवेनमध्ये आपल्या जागेसाठी प्रचार करताना आत्मघाती हल्ल्यात त्या मारल्या गेल्या. जखमींना नेलं त्या रुग्णालयापाशी दुसरा स्फोट झाला. जबाबदारी अल-शबाबने घेतली. त्यानंतर सुमारे महिन्याभराने, एप्रिल २०२२ मध्ये, सादिया यासीन समतर लोकसभेच्या उपसभापती झाल्या. त्या पदावर बसलेली पहिली बाई. या दोन घटना एकाच निवडणुकीतल्या आहेत. प्रबंधात त्या एकाच पानावर घाल.

मग राखीव जागांनी बदल होतो का? होतो, पण जागा बाईच्या नावावर आणि किल्ली दुसऱ्याच्या हातात असेल तर तो बदल परत घेता येतो. २४ वरून २० वर आलेला आकडा हाच तर पुरावा. महाराष्ट्राशी तुलना करायचा मोह तुला होईल. जपून कर. आपल्याकडे १९९२ ची ७३ वी घटनादुरुस्ती झाली, २०११ पासून स्थानिक संस्थांत निम्म्या जागा बायकांच्या, आणि सरपंचबाईच्या खुर्चीत तिचा नवरा बसलेला मी असंख्य गावांत पाहिलाय. पण आपल्याकडे राखीव जागा पुरुषाला देता येत नाही. निवडणूक आयोग आहे, कोर्ट आहे, आणि मत गावातल्या प्रत्येकाचं आहे. म्हणून पाच वर्षं नवऱ्याआड बसलेली बाई पुढच्या खेपेला स्वतःच्या बळावर उभी राहू शकते, आणि राहतेही. सोमाली उमेदवाराला ही पाठराखण नाही. २०२१-२२ पर्यंत तरी तिची राखीव जागा दर निवडणुकीला नव्याने, वडीलधाऱ्यांच्या खोलीत, तोंडी ठरत आली.

कामाची पद्धत सांगते. अदिस अबाबा १९९३, आर्ता २००० आणि म्बगाथी २००२-०४ या तीन परिषदा घे, आणि प्रत्येकीबद्दल शोध की बायका आत कशा आल्या, कोणाच्या वतीने बसल्या, आणि शेवटी सही कोणाची झाली. मग २०१२, २०१६ आणि २०२१-२२ च्या निवडप्रक्रिया तशाच एकमेकींशेजारी ठेव. मुलाखतींसाठी मोगादिशूला जायची गरज नाही; पुण्यात आणि हैदराबादेत सोमाली विद्यार्थी शिकायला येतात, मुलीही येतात. त्यांना थेट राजकारणाबद्दल विचारलंस तर त्या गप्प बसतील, आणि त्यांना तसा हक्क आहे, घरचे अजून तिकडे असतात. आधी आजीच्या माहेराबद्दल विचार. नावं लिहून घेऊ नकोस, रेकॉर्डिंग लावायचं असेल तर आधी विचार, आणि नको म्हणाल्या तर वही मिटून नुसतं ऐक.